मेंदी, गोंदण आणि खानदेशी हात

इतिहास लिहायचा तर पुरावा हवा. आणि मेंदीची अडचण नेमकी इथे आहे. तिच्या पानातला रंग कातडीच्या वरच्या थरातील केराटिनला धरतो. तो थर झडला की रंगही जातो. दोन-तीन आठवड्यांत तळहात पुन्हा कोरा. धुळ्यात राजवाड्यांच्या निधनानंतर 1927 साली त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले आणि त्यांनी जमवलेली कागदपत्रे जपली गेली. कागद असे जपता येतात. हात कोण जपणार?

तरीही पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे यांनी 1940 च्या दशकात मेंदीच्या इतिहासावर स्वतंत्र निबंध लिहिला. इसवी सनापूर्वी 2000 ते इसवी सन 1850 असा त्याचा पल्ला आहे. संस्कृतच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. कालिदासाच्या नायिकेच्या पावलांवर दिसणारा लाल रंग मेंदीचा नव्हे, तो अलक्तकाचा, म्हणजे लाखेचा आहे. मेंदीचा वावर इजिप्तपासून अरब जगापर्यंत पसरलेला आहे. 2024 साली युनेस्कोने सोळा अरब देशांच्या प्रस्तावावरून तिच्याशी निगडित प्रथांना मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

मला मात्र मेंदीची पहिली ओळख झाली ती जळगावकडच्या आमच्या घरात, आखाजीला. अक्षय्य तृतीयेचा हा सण खानदेशात माहेरवाशिणींचा. झोके, गौराईची गाणी आणि हातावर मेंदी. तेव्हा कोन नव्हते. आजीने पाने काथ घालून पाट्यावर वाटली, माझ्या तळहाताच्या मधोमध एक गोल ठिपका दिला आणि बोटांच्या टोकांना टोप्या घातल्या. रात्रभर हात फडक्यात बांधलेला. सकाळी रंग पाहून मी हरखले आणि आजीचा हात ओढला, तर तो कोरा. तिने काही न बोलता मनगट उलटे करून दाखवले. तिथे हिरवट गोंदण होते. आजोबा जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती.

त्या उलट्या केलेल्या मनगटाचा अर्थ मला फार पुढे, बहिणाबाई चौधरींची कविता वाचताना लागला. आसोद्याला 1880 साली जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या या कवयित्रीला तरुणपणीच वैधव्य आले. त्यानंतरच्या एका कवितेत ती आपल्या जवळ काय उरले याचा हिशेब मांडते. कुंकू पुसले गेले, पण गोंदण उरले. बांगड्या फुटल्या, पण मनगटातले कर्तृत्व उरले. येथे गोंदण हा केवळ अलंकार राहत नाही. सौभाग्याची चिन्हे समाज देतो आणि समाजच काढून घेतो. कातडीच्या आत गेलेली शाई त्याला काढून घेता येत नाही. बाईच्या अंगावर तिच्या स्वतःच्या मालकीचे म्हणून काही राहते, ते एवढेच.

मेंदीचे तसे नाही, आणि कुंकवासारखेही नाही. कुंकू पुसावे लागते, बांगड्या फोडाव्या लागतात. ही कृत्ये दिसतात. म्हणून त्यांच्याविरुद्ध बोलताही येते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, तेव्हा कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे यांना नावानिशी विरोध करता आला. मेंदी कोणी पुसत नाही. ती आपली आपण फिकी होते आणि पुन्हा लागत नाही, इतकेच. जे घडतच नाही त्याला विरोध कोणी कसा करावा, आणि त्याची नोंद तरी कोण ठेवणार?

आज खानदेशातही लग्नाआधी मेंदीचा वेगळा कार्यक्रम असतो. 1990 च्या दशकातील हिंदी चित्रपटांनी त्याला मोठाच हातभार लावला. कोपरापर्यंत वेलबुट्टी चढते, कोन काढणारी मुलगी एकेका पाहुणीला बोलावते. अशा वेळी कोपऱ्यात बसलेल्या एखाद्या आजीचा हात पुढे येत नाही. कोणी मनाईही करत नाही. गोड्यांच्या निबंधापुढचे प्रकरण लिहायचे झाले, तर ते बहुधा त्या कोऱ्या हातापासून सुरू करावे लागेल.