शाळा खाडीवर जाते तेव्हा

‘शिबिर’ हा शब्द मूळचा लष्करातला. फौजेचा तळ पडला, राहुट्या उभ्या राहिल्या, की त्याला शिबिर म्हणत. शाळेतल्या मुलांपर्यंत तो पोहोचवण्यात मोठा वाटा होता तोही एका सेनापतीचाच. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या ब्राउनसी नावाच्या छोट्या बेटावर वीस मुलांना राहायला नेलं. बालवीर चळवळीचं मूळ या शिबिरात आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण ती वीस मुलं कोण होती, हे फारसं सांगितलं जात नाही. निम्मी मुलं धनिकांच्या शाळांतली होती आणि निम्मी कष्टकऱ्यांच्या घरांतली. दोघांनी एका राहुटीत झोपायचं, एका चुलीवरचं खायचं, हीच त्या प्रयोगातली खरी नवलाई होती.

ही चळवळ १९०९ मध्ये हिंदुस्थानात आली, तेव्हा मात्र ती नवलाई वाटेतच कुठेतरी गळून पडली. इथली पहिली पथकं युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. भारतीय मुलांना त्यांत प्रवेश नव्हता. म्हणून अ‍ॅनी बेझंट यांनी मद्रासकडे भारतीय मुलांसाठी निराळी संघटना उभी केली, तर उत्तरेत मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांच्या सेवा समितीने आपली पथकं काढली. या सगळ्या धारा एकत्र होऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली ती स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये. म्हणजे शिबिराचा आपल्याकडचा इतिहास एका प्रश्नापासून सुरू होतो: राहुटीच्या आत कोण आणि बाहेर कोण?

मी इतिहासाचा शिक्षक. नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही शहरी शाळांच्या मुलांबरोबर शिबिरांना जात आलो. त्यांतलं एक शिबिर राजापूर तालुक्यातल्या नाटे गावात होतं. आठवी-नववीची चाळीसेक मुलं, तीन दिवसांचा मुक्काम. वेळापत्रकात दोर चढणं होतं, शेकोटी होती, किल्लादर्शन होतं. आयत्या वेळी आम्ही त्यात एक भर घातली. गावातल्या हायस्कुलाची दहा-बारा मुलंमुली तिन्ही दिवस आमच्याबरोबर राहिली. त्यांतली बरीचशी मच्छीमारांच्या घरची होती.

पहिल्याच दुपारी खाडीच्या काठाशी मोकळी पडलेली रेती पाहून शहरातली मुलं शिंपल्यांसाठी धावत सुटली. गावातली एक मुलगी आडवी झाली आणि म्हणाली, “आता नको. पाणी आत यायला लागलंय.” पाणी तर स्थिर दिसत होतं. मग तिने हिशेब सांगितला. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, की भरती पुरी होण्याची वेळ येते. त्या दिवशी पंचमी होती. पाच पाऊणे पावणेचार. त्याआधी सहा तास, म्हणजे पावणेदहाच्या सुमारास सुकती होती. ओहोटीला कोकणात सुकती म्हणतात. आता दुपारचा एक वाजला होता, म्हणजे अर्ध्याहून अधिक भरती झालेली. मुलांनी चिखलात काठी रोवली आणि तिच्यावर खुणा करत बसली. पाणी थांबलं तेव्हा साडेतीन वाजत आले होते. दुसऱ्या दिवशी षष्ठी, भरती पाऊण तास पुढे सरकली. पंचांग हे सणवार पाहण्याचं पुस्तक, एवढंच ठाऊक असलेल्या मुलांना ते समुद्राचं वेळापत्रकही आहे, हे तिथे उमगलं. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग हे शब्द भूगोलाच्या पुस्तकात त्यांनी पाठ केले होते. ते रोज वापरणारी माणसं त्यांना पहिल्यांदा भेटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही यशवंतगडावर गेलो. जांभ्या दगडाचे तट, जमिनीच्या अंगाला खंदक, बुरुजांवर माजलेली झाडी. एका मुलाने विचारलं, “सर, किल्ला समुद्रावर का नाही बांधला? इथे खाडीत आत कशाला?” उत्तर मी दिलं नाही. आदल्या दिवशीच्या काठीवरच्या खुणा त्यांना आठवायला सांगितल्या. मग एकेक दुवा जुळत गेला. ही खाडी म्हणजे राजापूरला जाणारा रस्ता. मोठी गलबतं मुखाशी जैतापूरला थांबत आणि माल लहान होड्यांतून भरतीबरोबर वर राजापूरला जाई. त्या बाजारपेठेपायीच इंग्रजांनी १६४९ मध्ये राजापूरला वखार घातली. त्याच वखारीतल्या इंग्रजांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफांची मदत केली आणि त्याचा जाब शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरवर चालून जाऊन विचारला. रस्त्यावर चौकी असावी, तसा खाडीवर हा किल्ला. आता गाळ साचून तो रस्ता बुजला आणि किल्ल्याचं कामही संपलं. हे सारं मी वर्गात अनेकदा शिकवलं होतं. पण भरतीचं पाणी पाहिल्यावर मुलांनी ते स्वतःच मला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी उत्तरेला कशेळीच्या सड्यावर गेलो. तिथे कातळात कोरलेला सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती आहे. २०२२ मध्ये कोकणातली जी कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली, त्यांत हाही आहे. हत्तीच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. शहरातली मुलं त्यांत वाघ शोधत होती. नाट्यातल्या मुलांनी मात्र “हा पाकट, ही मुशी” अशी माशांची नावंच घ्यायला सुरुवात केली. ज्यांनी ही चित्रं कोरली त्यांची भाषा आपल्याला ठाऊक नाही. पण त्यांचे मासे ओळखणारे लोक अजून या किनाऱ्यावर आहेत.

आता कळीच्या प्रश्नाकडे येतो. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण अनेक शाळांनी त्यातून धडा घेतला तो ‘मुलांना पाण्याकडे नेऊच नका’ एवढाच. जगाच्या इतिहासात याच प्रश्नाचं दुसरं उत्तरही आहे. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचे तरुण खलाशी जुन्या खलाशांपेक्षा जास्त संख्येने मरत आहेत, असं लॉरेन्स होल्ट या जहाजमालकाला जाणवलं. शिडाच्या जहाजांवर वाढलेल्या जुन्यांना समुद्र कळत होता, नव्यांना कळत नव्हता. त्याने कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाच्या साथीने १९४१ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे शाळा काढली. ‘आउटवर्ड बाउंड’ नावाने तिचा प्रसार पुढे जगभर झाला. आज आपण ज्याला साहस शिबिर म्हणतो, त्याचा एक मोठा उगम हा आहे. तिथे साहस हे साधन होतं. हेतू होता अनुभवी माणसांचं शहाणपण कोवळ्या मुलांना मिळावं हा.

आपल्याकडेही या विचाराचा वारसा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा शाळाच त्यांच्यामागे कुरणात गेली. तिला ‘कुरणशाळा’ म्हणत. पानं, बिया, खडे हेच तिथलं साहित्य. मुलांना जे येतं तिथून शिकवायला सुरुवात करायची, हा त्यामागचा विचार.

नाट्यातल्या शेवटच्या रात्री आम्ही मुलांना शिबिरात काय आवडलं ते लिहायला सांगितलं. शहरातल्या मुलांपैकी दोर चढण्याविषयी मोजक्याच जणांनी लिहिलं. बहुतेकांनी काठीवरच्या खुणांविषयी आणि पाऊणपटीच्या हिशेबाविषयी लिहिलं. गावातल्या एका मुलाने लिहिलं, ‘मला ठाऊक असलेलं कोणी वहीत उतरवून घेईल असं वाटलं नव्हतं.’ तो वर्गात मागच्या बाकावर बसणारा मुलगा होता, असं त्याच्या बाईंनी मला सांगितलं.

आजकाल शिबिरं विकत मिळतात. दोर, हेल्मेट, नाश्ता, प्रमाणपत्र, सगळं एका रकमेत. सुरक्षेची साधनं हवीतच, त्याबद्दल वाद नाही. पण पालकांनी पैसे भरण्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा: ज्या गावात आमची मुलं जाणार, त्या गावातली मुलं या शिबिरात आहेत का? तिथला एखादा मच्छीमार, एखादी शेतकरीण शिकवायला येणार आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर मुलं नाट्याला गेली काय आणि शहराबाहेरच्या एखाद्या रिसॉर्टवर गेली काय, सारखंच.