भोंगा वाजला.. मग पुढे काय?

'ऐका हो ऐका' हे आमच्या पिढीने ऐकलं ते फक्त नाटक-सिनेमात. आजोबांनी मात्र खरीखुरी दवंडी ऐकलेली. केळनेला पूर येणार असं दिसलं की आमच्या भोकरदनमध्ये हलगीवाला गल्लोगल्ली फिरायचा म्हणे. परवा घरी गेलो होतो तेव्हा त्यांना विचारलं, "पण दवंडी ऐकून लोक करायचे काय?"

आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस्स! म्हणाले, "काय करायचे म्हंजे? जनावरं सोडायची, पोती वर चढवायची अन् लेकरं घेऊन उंचावर जायचं. हे काय सांगावं लागतं व्हय?"

सांगावं लागत नव्हतं, कारण सगळ्यांना ते आधीच माहीत होतं. हलगीचं काम फक्त 'वेळ झाली' एवढं कळवायचं. बाकीचा निरोप लोकांच्या डोक्यात अगोदरच बसलेला. गेले दोन-तीन वीकांत मी रासायनिक अपघातांच्या इशारा यंत्रणेचा इतिहास वाचतोय, आणि फिरून फिरून आजोबांच्या ह्याच वाक्यापाशी येतोय.

सुरुवात इटलीपासून करू. १० जुलै १९७६ ला, शनिवारी, मिलानजवळच्या सेवेसो भागात एका रासायनिक कारखान्यातून डायॉक्सिनचा ढग बाहेर पडला. ढग सगळ्यांनी पाहिला, पण त्यात काय आहे ते लोकांना लगेच कोणी सांगितलंच नाही. घरं रिकामी करायला सुरुवात झाली ती साधारण दोन आठवड्यांनी! ह्या प्रकरणानंतर युरोपने १९८२ मध्ये नियम केला की धोकादायक कारखान्याशेजारी राहणाऱ्यांना धोका काय आहे आणि अपघात झाला तर काय करायचं हे आधीच सांगितलं पाहिजे. 'आधीच' हा शब्द लक्षात ठेवा.

त्यानंतर दोनच वर्षांनी भोपाळ झालं.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं आणि आतला मिथाइल आयसोसायनेट तापून बाहेर पडू लागला. आपण सगळे हे शाळेपासून ऐकत आलोय. पण त्या रात्री भोंग्याचं काय झालं हे मला आत्ता आत्तापर्यंत माहीत नव्हतं. भोंगा होता. तो एकच्या आसपास वाजला, आणि थोड्याच वेळात बाहेरच्या वस्तीसाठीचा आवाज बंद करण्यात आला. पुन्हा जोरात वाजला तो दोनच्या सुमारास. तोवर वस्तीतली माणसं डोळे चोळत, खोकत रस्त्यावर आलेली होती.

समजा, भोंगा पहिल्यापासून सलग वाजला असता, तर? तरी फार फरक पडला असता असं मला वाटत नाही. कारखान्याचे भोंगे एरवीही कशा ना कशासाठी वाजायचे, सरावासाठीसुद्धा. काही लोकांना तर वाटलं की आग लागलीय, आणि ते मदतीला कारखान्याच्याच दिशेने धावले! ओलं फडकं नाकातोंडावर धरा, ढगाच्या वाटेतून बाजूला व्हा, एवढ्या दोन गोष्टी माहीत असत्या तर कितीतरी जण वाचले असते. सरकारी आकड्यांप्रमाणे लगेच गेलेले लोक २२५९. नंतर हा आकडा वाढतच गेला.

मात्र त्याच रात्री, त्याच शहरात एक इशारा अगदी चोख पोचला. भोपाळ स्टेशनवर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर ड्यूटीवर होते. त्यांनी फलाटावर उभी असलेली गोरखपूरची एक्स्प्रेस वेळेच्या आधीच सोडून दिली आणि विदिशा, इटारसी अशा बाजूच्या स्टेशनांना कळवलं की भोपाळकडे गाड्या पाठवू नका. गाड्या थांबल्या. त्यांची स्वतःची तब्येत त्या विषारी हवेने कायमची बिघडली आणि २००३ मध्ये ते गेले.

आता माझ्यातला आयटीवाला विचारतो, की दस्तगीरांचा निरोप पोचला आणि भोंग्याचा का नाही? दस्तगीरांचं धैर्य तर आहेच. पण तार जिथे पोचली तिथल्या माणसाला 'गाडी थांबवा' म्हणजे नेमकं काय करायचं हे आधीपासून ठाऊक होतं. सिग्नल, नियम, सराव, सगळं तयार. भोंगा जिथे पोचला तिथे ह्यातलं काहीच नव्हतं. एक होती हलगी आणि दुसरा नुसता आवाज.

भोपाळनंतर आपल्याकडे कायदे पटापट आले, हे मान्य करायला हवं. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ ची कारखाने कायद्यातली दुरुस्ती, १९८९ चे घातक रसायनांचे नियम. ह्यांच्यात कारखान्याच्या कुंपणाबाहेरचा आराखडा आला आणि बाहेरच्या लोकांना माहिती देणं बंधनकारक झालं. मग १९९६ चे रासायनिक अपघातांचे नियम. त्यात केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशा चार पातळ्यांवर आपत्ती गट नेमले. स्थानिक गटात पंचायतीचा प्रमुखसुद्धा आहे, आणि दर सहा महिन्यांनी पूर्ण सराव घ्यावा असंही लिहिलंय. कागदावर झकास! कोड लिहिणारा माणूस म्हणून सांगतो, डिझाइन चांगलं आहे. गाडी अडते ती टेस्टिंगला.

टेस्टिंग म्हणजे काय ते बघायचं तर कॅलिफोर्नियातल्या काँट्रा कोस्टा काउंटीत जावं लागेल. तिथे रिचमंड गावात २६ जुलै १९९३ ला ओलियमची गळती झाली आणि वीस हजारांहून जास्त लोक दवाखान्यांत धावले. त्यानंतर त्यांनी सगळ्या काउंटीसाठी इशारा यंत्रणा उभी केली. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी सकाळी अकराला भोंग्यांची चाचणी होते. आणि लोकांना पाठ झालेल्या तीन गोष्टी: घरात जा, दारं-खिडक्या बंद करा, बातम्या ऐका. पळायचं नाही, हे विशेष. विषारी ढग बहुतेक वेळा थोड्या वेळात पुढे सरकतो, तेवढा वेळ बंद खोली बऱ्यापैकी वाचवते.

आणि आपल्याकडे? ७ मे २०२० ला पहाटे विशाखापट्टणमला एलजी पॉलिमर्समधून स्टायरीन सुटला आणि १२ माणसं गेली. चौकशी समितीला आढळलं की भोंगा वाजवता येईल अशा ३६ जागा तिथे होत्या. भोंगा वाजवला गेला नाही. भोपाळनंतर ३५ वर्षांनी!

आपल्या महाराष्ट्रात माहुल (१९८८), नागोठणे (१९९०), डोंबिवली (२०१६ आणि पुन्हा २०२४) ही नावं आगी आणि स्फोटांची. स्फोटाच्या आधी इशाऱ्याला वेळ मिळेलच असं नाही. पण वायूची गळती वेगळी. ढगाला वस्तीपर्यंत यायला काही मिनिटं लागतात, आणि ती मिनिटं म्हणजेच सगळं काही. १४ जुलै २०१० ला शिवडीच्या हाजी बंदरावर पडून असलेल्या जुन्या सिलिंडरमधून भल्या पहाटे क्लोरीन गळला आणि शंभराच्या आसपास लोकांना त्रास झाला. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत पसरतो. म्हणजे तिथे वरच्या मजल्यावर जायचं. हे कोणी शिकवलंय आपल्याला?

तंत्रज्ञान आता अडत नाही. आपल्या खेड्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणा चालते. एकाने ठरलेल्या नंबरवर फोन करून बोललं की त्याचाच आवाज गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर वाजतो. ओळखीचा आवाज, आपली भाषा. ही खरी डिजिटल दवंडी! सरकारची सेल ब्रॉडकास्टची सोय तर टॉवरखालच्या प्रत्येक चालू फोनवर एकदम इशारा देते, नंबर माहीत असायची गरज नाही. २० जुलै २०२३ ला त्याची चाचणी झाली आणि आमचं अख्खं ऑफिस एकाच वेळी किंचाळलं. लोकांनी काय केलं? शेजाऱ्याला विचारलं, "तुलापण आला का रे? व्हायरस तर नाही?" मी पण तेच केलं, खोटं कशाला बोलू :)

आमच्याकडचा एक चुलतभाऊ मोठ्या शहराजवळच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. खोली कारखान्यांच्या भिंतीला लागूनच. हे सगळं वाचून झाल्यावर त्याला फोन लावला. म्हटलं, "आबा, रात्री भोंगा वाजला तर काय करशील?"

"काय करणार? शिफ्ट सुटली म्हणायचं अन् कूस बदलायची."

अंगावर काटा आला. १९८४ च्या त्या वस्तीतलंच वाक्य जणू.

मग त्याला चार ओळी लिहून पाठवल्या. वास आला किंवा सलग भोंगा वाजला तर आत जा, फटींना ओली फडकी लावा. डोळे-घसा झोंबला तर नाकावर ओला रुमाल धरा. बाहेर पडायचंच झालं तर वाऱ्याला आडवं जा, वाऱ्याच्या दिशेने नको. आणि शेजारच्या कारखान्यात कुठलं रसायन आहे, धोक्याचा भोंगा कसा वाजतो, हे गेटवर विचारून ठेव.

रविवारी त्याचा फोन आला. चार ओळी त्याने दाराला चिकटवल्या. खोलीतल्या बाकीच्या तिघांनी वाचल्या आणि हसले पण म्हणे. गेटवरही विचारून आला. वॉचमन म्हणाला, भोंगे सगळे सारखेच वाजतात.

आजोबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मंग त्यो भोंगा कशाला ठेवलाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्या घराजवळ भोंगा असेल तर तुम्ही विचारून बघा.