पान्हा आणि ठणका

मराठी कवितेला पान्हा चांगला ठाऊक आहे. ठणका मात्र तिला फारसा ठाऊक नाही. वासराच्या हंबरण्याने गाय पान्हावते, तशी लेकराच्या रडण्याने आई; संतांनी विठ्ठलाला माउली म्हटले तेही याच नात्याच्या आधारे. स्तनाग्राला पडलेल्या चिरा, साकळलेल्या दुधाच्या गाठी, ताप आणि गळू यांना या परिभाषेत सहसा जागा मिळाली नाही. वर्गात वात्सल्य शिकवताना ही उणीव आम्हांलाही बरीच वर्षे जाणवली नव्हती.

ठणक्याची नोंद सापडते ती वैद्यकग्रंथांत. सुश्रुतसंहितेत तर या विषयाचे दोन स्वर ऐकू येतात. अपत्याच्या दर्शनाने, स्पर्शाने, नुसत्या स्मरणानेही दूध स्रवते आणि त्याच्या प्रवाहाचे कारण स्नेह आहे, असे निदानस्थानात म्हटले आहे. क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांमुळे दूध नाहीसे होते, असे शारीरस्थान सांगते. हा स्वर आपल्या ओळखीचा आहे.

दुसरा स्वर शल्यवैद्याचा. निदानस्थानाचा तोच दहावा अध्याय स्तनरोगांचे पाच प्रकार मोजतो. चिकित्सास्थानाचा सतरावा अध्याय सांगतो, की सूज कच्ची असो, दाह होत असो वा पू धरलेला असो, स्तनातील दूध सतत काढत राहावे. शस्त्र चालवायचे झाल्यास दूध वाहणाऱ्या नाड्या आणि चूचुक, म्हणजे स्तनाग्र, वाचवावे. येथे आईच्या मायेची परीक्षा नाही. दुखणाऱ्या अवयवाची काळजी आहे.

हा ग्रंथ सर्वत्र बरोबर आहे, असे नाही. दूध तिसऱ्या-चौथ्या रात्री येते, म्हणून तोवर बाळाला मध-तूप चाटवावे, असे तो सांगतो. आज मात्र पहिल्या तासातच बाळाला छातीशी घेऊन चीक पाजावा, असा सल्ला दिला जातो आणि वर्षाच्या आतील मुलाला मध निषिद्ध मानला जातो. सूज आल्यावर पाजणे थांबवू नये, हे आजचे वैद्यकही मान्य करते. पण बाळाच्या गरजेपेक्षा अधिक दूध पिळून काढल्यास सूज वाढू शकते, असे ते बजावते. स्तनाग्र दुखण्याचे नेहमीचे कारण तर अगदी साधे आहे: बाळाच्या तोंडात केवळ बोंड जाते, भोवतालचा काळसर भाग पुरेसा जात नाही. बाळाने तोंड मोठे उघडल्यावर त्याला जवळ घेतले, हनुवटी स्तनाला टेकू दिली, की बहुतेकदा वेदना कमी होते. ताप किंवा वाढती लाली दिसल्यास डॉक्टरांकडे जाणे आवश्यक ठरते.

पहिला स्वर सर्वस्वी खोटा नाही. ताणामुळे दूध उतरण्यास काही काळ अडथळा येऊ शकतो. परंतु दूध टिकते ते मुख्यतः नियमित पाजण्याने. आपल्या संस्कृतीने मात्र पहिला स्वर उचलला आणि दुसरा वैद्यांच्या पोथीत राहू दिला. त्याची किंमत बाळंतिणीने मोजली. पान्हा म्हणजे माया, हे समीकरण एकदा रुजले, की कळ सोसवेना म्हणून बाळाला दूर करणारी स्त्री स्वतःच्या मायेवरच संशय घेऊ लागते. तिला हवी असते बाळाला नीट धरायला शिकवणारी जाणती बाई. मिळतो तो मातृत्वाचा उपदेश.

वात्सल्याची कविता आम्ही यापुढेही शिकवू. मात्र तिच्याशेजारी चिकित्सास्थानाचा तो सतरावा अध्यायही उघडून ठेवू.