गोठ्यातील साथ आणि रानातील गवा

बुळकांडी, घटसर्प, फऱ्या, फाशी, लाळ्या-खुरकूत ही पशुरोगांची मराठी नावे एकत्र ठेवून पाहिली असता एक गोष्ट सहज ध्यानी येते. ही सारी नावे गोठ्यात जन्मली आहेत. आजारी जनावराच्या अंगावर जे लक्षण शेतकऱ्याच्या दृष्टीस पडले, त्यावरून ती रूढ झाली. बुळकांडीला शास्त्रीय व्यवहारात 'रिंडरपेस्ट' म्हणतात. त्या जर्मन शब्दाचा अर्थही 'गुरांची महामारी' एवढाच आहे. अशा रीतीने लोकभाषा आणि शास्त्रभाषा या दोहोंनी हा रोग गुरांच्या पदरी घातला. रोगाच्या विषाणूला मात्र ही मर्यादा मान्य नव्हती. गवा, नीलगाय, चितळ आणि रानडुक्कर हे रानातील पशूही त्याच्या आक्रमणास बळी पडत असत. नागपूर प्रदेशातील वन्यपशूंच्या रोगनियंत्रणाचा इतिहास पाहू जाता, नावातील ही मर्यादा नोंदींतही उतरलेली आढळते.

१८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि नागपूर ही त्याची राजधानी ठरली. पुढे १८७८ च्या वनकायद्यान्वये राखीव जंगलांची आखणी झाली. ही आखणी कागदावर जितकी स्पष्ट होती, तितकी जमिनीवर नव्हती. परवान्याने आणि शुल्क भरून गुरे जंगलात चरावयास जात. उन्हाळ्यात नाले आटू लागले म्हणजे गावची गुरे आणि रानातील गवे यांना उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवरच यावे लागे. बुळकांडीचा विषाणू रोगी जनावराच्या नाकातील स्रावातून, लाळेतून व शेणातून बाहेर पडतो. उघड्या हवेत आणि उन्हात तो फार काळ टिकत नाही. म्हणून संसर्गास निकट सान्निध्य लागे, आणि हे सान्निध्य चराई व पाणवठा यांनी घडवून आणले होते.

या काळातील सरकारी नोंदी गुरांपुरत्याच आहेत, हे स्वाभाविक म्हटले पाहिजे. हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने भारतातील गुरांच्या साथींवरील आपला अहवाल १८७१ मध्ये प्रसिद्ध केला. १८८९ मध्ये पुणे येथे शाही जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली आणि १८९३ मध्ये ती कुमाऊँतील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. या दोन्ही प्रयत्नांमागे शेतीचा बैल, लष्कराचे जनावर आणि महसूल यांची चिंता होती. गव्याच्या मृत्यूने कोणाचा सारा बुडत नव्हता. त्यामुळे त्याची गणना करणारे खातेही नव्हते. वन्यपशूंविषयीचे ज्ञान शिकारी आणि वनाधिकारी यांच्या ग्रंथांत साठत गेले. मध्य प्रांतातील वनाधिकारी डनबार ब्रँडर यांचा १९२३ चा ग्रंथ याच परंपरेतला होय. गव्यांना गुरांच्या साथी जडतात, ही गोष्ट या परंपरेस परिचित होती. तथापि परिचय असणे वेगळे आणि वर्षानुवर्षे पद्धतशीर नोंद ठेवणे वेगळे.

गुरांतील आणि वन्यपशूंतील साथ यांचा कार्यकारणसंबंध निर्णायकपणे सिद्ध झाला तो आफ्रिकेत. १८८७ च्या सुमारास बुळकांडी त्या खंडाच्या ईशान्य किनाऱ्यावर पोहोचली. इटालियन सैन्यासाठी भारतातून नेलेल्या गुरांबरोबर ती गेली, असे सामान्यतः मानले जाते. पुढील दहा वर्षांत तिने दक्षिण टोकापर्यंत मजल मारली आणि गुरांबरोबर रानरेड्यांचे व हरणांचेही कळप नष्ट केले. विसाव्या शतकाच्या मध्यास पूर्व आफ्रिकेत पाळीव गुरांना व्यापक प्रमाणावर लस टोचण्यात आली. सेरेंगेटीच्या मैदानातील विल्डेबीस्ट या पशूला कोणीही लस टोचली नव्हती. तरीही १९६३ च्या सुमारास त्याच्या कळपांतून हा रोग नाहीसा झाला. १९६१ मध्ये सुमारे अडीच लाख असलेली त्यांची संख्या १९७७ पर्यंत सुमारे तेरा लाखांवर गेली. त्याच मैदानात चरणाऱ्या झेब्र्यांची संख्या तशी वाढली नाही, कारण बुळकांडी झेब्र्यास होत नाही. यावरून असे अनुमान निघते की, रोगाचा मूळ साठा गुरांत होता. रानात तो केवळ वाहत येत असे.

भारतातील अनुभवही याच अनुमानास पुष्टी देतो. मुक्तेश्वर येथे एडवर्ड्स यांनी १९२० नंतरच्या दशकात बकऱ्यांत वाढविलेल्या विषाणूपासून लस सिद्ध केली. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम हाती घेण्यात आला. १९५८ मध्ये नागपूर येथे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. गुरांतील रोग पुरता हटलेला नसताना, १९६८ मध्ये दक्षिणेतील मुदुमलाई-बंदीपूर प्रदेशात गव्यांचा मोठा संहार झाला. भारतातील बुळकांडीचा अखेरचा प्रादुर्भाव १९९५ मधील आहे. २००६ मध्ये देश संसर्गमुक्त ठरला आणि २०११ मध्ये जगातून या रोगाचे उच्चाटन झाल्याचे घोषित झाले. देवीनंतर असे भाग्य लाभलेला हा दुसराच रोग होय. रानातील एकाही गव्यास सुई न टोचता भारतातील गवा या रोगापासून मुक्त झाला.

कायद्याने हे तत्त्व स्वीकारले ते बऱ्याच उशिरा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये ३३-अ हे कलम घालण्यात आले. त्यान्वये अभयारण्यात आणि त्याच्या सीमेपासून पाच किलोमीटरच्या आतील पाळीव जनावरांना संसर्गजन्य रोगांविरुद्ध लस टोचण्याची व्यवस्था करणे, हे मुख्य वन्यजीव रक्षकाचे कर्तव्य ठरले. लस न टोचलेले जनावर अभयारण्यात चरावयास नेण्यासही मनाई झाली. वन्यपशूच्या आरोग्याची जबाबदारी गावच्या गोठ्यापर्यंत जाते, हे यात प्रथमच स्पष्ट शब्दांत मान्य झाले.

येथे एक आक्षेप संभवतो. बुळकांडीतून बरे झालेले जनावर जन्मभर सुरक्षित राहते आणि रोगाचा दीर्घकाळ वाहक होत नाही. म्हणून तिचे उच्चाटन शक्य झाले. फाशीचे बीजाणू मातीत अनेक वर्षे टिकून राहतात. कुत्र्यांतील डिस्टेंपरचा विषाणू २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत आढळला. तेथे केवळ गोठा निरोगी ठेवून भागले नसते. सर्व रोगांस एकच नियम लावता येणार नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु यामुळे मूळ सूत्र बाद होत नाही. त्याची व्याप्ती मात्र वाढते. गोठ्याच्या जोडीला गावातील कुत्री आणि कोंबड्यांची खुराडी हीही पाहणीखाली आणावी लागतात.

नागपुरातच याचा प्रत्यय आला. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाडा येथील वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मृत्यू पावले. त्यांचे नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्चसुरक्षा पशुरोग संस्थेकडे पाठविण्यात आले आणि जानेवारी २०२५ च्या आरंभी एच५एन१ या पक्षिज्वराचे निदान झाले. भारतात हा रोग कोंबड्यांत प्रथम आढळला तो २००६ मध्ये, महाराष्ट्रातीलच नवापूर येथे. वाघांना तो जडू शकतो, हे थायलंडमध्ये २००४ सालीच दिसून आले होते. तेथील एका प्राणिसंग्रहात कच्च्या कोंबड्या खाऊ घातल्यानंतर १४७ वाघ दगावले किंवा त्यांना मारावे लागले. गोरेवाड्याचे निदान होऊ शकले, कारण तेथील प्रत्येक प्राणी मोजलेला होता आणि शव ताबडतोब तपासणीस मिळाले. रानात मेलेला बिबट्या काही दिवसांतच नाहीसा होतो, आणि त्याच्याबरोबर पुरावाही.

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर येथे राष्ट्रीय एक-आरोग्य संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, पाळीव जनावर आणि वन्यपशू यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करावा, हे तिच्या नावातच अंतर्भूत आहे. १८७१ च्या अहवालापासून या नावापर्यंत दीडशे वर्षांचे अंतर आहे. ते खऱ्या अर्थाने कापले गेले की नाही, याची कसोटी इमारतीवरून लागणार नाही. जंगलाच्या कडेच्या गावात एखादी गाय आजारी पडली असता तिची वार्ता वनरक्षकास मिळते का, आणि वनरक्षकास सापडलेल्या शवाची वार्ता त्या गावच्या पशुवैद्यास मिळते का, हे पाहावे लागेल. ज्या मृत्यूची नोंद झाली नाही, त्याचा इतिहास लिहिता येत नाही आणि त्यावर उपायही योजता येत नाही.