मेथडला मूल्ये आणि ऑब्जेक्ट देणे

मेथडला बोलावताना कंसात दिलेली माहिती तिच्या हाती कशी पडते, हे प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषा आपापल्या नियमाने ठरवते. मूल्याची प्रत देणे ही एक रीत, मूळ व्हेरिएबलच हवाली करणे ही दुसरी. पहिली 'पास बाय व्हॅल्यू', दुसरी 'पास बाय रेफरन्स'.

जावात फक्त पहिली रीत चालते. तरीही 'जावात ऑब्जेक्ट बाय रेफरन्स जातो' असे सर्रास शिकवले जाते आणि मुलाखतीला बसलेला विद्यार्थी तिथेच अडकतो. जावाच्या व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट नसतोच. असतो तो ऑब्जेक्टचा रेफरन्स, आणि मेथडला मिळते ती या रेफरन्सची प्रत.

समजा, 1000 रुपये शिल्लक असलेले बँक खाते एका मेथडला दिले. तिने शिल्लक 5000 केली, तर बाहेरही 5000 दिसतात, कारण दोन्ही रेफरन्स एकाच खात्याचे आहेत. पण तिने आपल्या पॅरामीटरमध्ये 'न्यू' वापरून कोरे खाते ठेवले, तर बाहेरच्या व्हेरिएबलमध्ये जुनेच खाते राहते. ऑब्जेक्ट खरोखर बाय रेफरन्स जात असता, तर बाहेरही कोरे खाते दिसले असते. दोन व्हेरिएबलांची अदलाबदल करणारी साधी 'स्वॅप' मेथड जावात लिहिता येत नाही, ती याचमुळे.

1970 च्या दशकात एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीएलयू ही भाषा घडवली. रेफरन्सची प्रत देण्याच्या या रीतीला त्यांनी 'कॉल बाय शेअरिंग' म्हटले. पायथन आणि रुबीही याच वाटेने जातात.

सी प्लस प्लसमध्ये निवड प्रोग्रॅमरची असते. बेस क्लासच्या पॅरामीटरला डिराइव्ड क्लासचा ऑब्जेक्ट बाय व्हॅल्यू दिला, तर त्याचा डिराइव्ड भाग गळून पडतो. याला 'स्लायसिंग' म्हणतात. स्लायसिंग टाळायला आणि मोठ्या ऑब्जेक्टची प्रत वाचवायला 'कॉन्स्ट' रेफरन्स वापरतात. सी शार्पमध्ये बाय रेफरन्स द्यायचे, तर 'रेफ' हा शब्द मेथडच्या व्याख्येत आणि बोलावण्याच्या ओळीतही लिहावा लागतो. वाचणाऱ्याला धोका तिथल्या तिथे दिसतो, हा या भाषेचा मोठा गुण.

सामायिक ऑब्जेक्टचा खरा त्रास पुढे होतो. जावाचा जुना 'डेट' ऑब्जेक्ट बदलता येतो. कन्स्ट्रक्टरने तो आहे तसा साठवला आणि देणाऱ्याने नंतर तारीख बदलली, तर आतली नोंदही गुपचूप बदलते. म्हणून आत घेतानाच त्याची वेगळी प्रत करून ठेवतात. 2014 मध्ये जावा 8 सोबत आलेला 'लोकलडेट' बदलताच येत नाही. तिथे अशा प्रतीची गरज उरत नाही.