टूम रेडर: लारा क्रॉफ्ट नव्याने आली, पण जुने चाहते का रुसले?

कोणत्याही जुन्या गेमचा नवा ट्रेलर आला की कमेंटमध्ये दोन गट पडतात. एक म्हणतो, "आता कुठे खेळण्यासारखी झाली!" दुसरा म्हणतो, "हिला त्या नावाने हाक मारू नका." बाहेरून बघणाऱ्याला प्रश्न पडतो, एका गेमवरून एवढं भांडण्यासारखं काय असतं?

हे समजून घ्यायला 'टूम रेडर'सारखं दुसरं उदाहरण नाही. लारा क्रॉफ्ट नावाच्या पुरातत्त्वशास्त्रज्ञ तरुणीची ही मालिका एकदा नव्हे, दोनदा नव्याने सुरू झाली. २०१३ साली आलेल्या दुसऱ्या रिबूटवर झालेला वाद आजही मिटलेला नाही. नेमकं काय बदललं, चाहत्यांचं म्हणणं काय होतं आणि त्यातलं किती खरं ठरलं, ते बघूया.

मुळात रिबूट म्हणजे काय?

सीक्वेलमध्ये आधीची गोष्ट पुढे जाते. रिबूटमध्ये पाटी पुसली जाते. पात्राचं नाव आणि ओळख तीच राहते, पण गोष्ट पहिल्यापासून सुरू होते. सिनेमात असं झालं तर प्रेक्षकाला फक्त नवी गोष्ट पाहावी लागते. गेममध्ये मात्र खेळायची पद्धतच बदलू शकते. वर्षानुवर्षं बोटांना लागलेली सवय एका दिवसात निरुपयोगी होते. गेमचा रिबूट चाहत्यांना जास्त लागतो तो यामुळे.

जुनी लारा कशी होती?

पहिली 'टूम रेडर' १९९६ साली आली. इंग्लंडमधल्या डर्बी शहरातल्या कोअर डिझाइन या कंपनीने ती बनवली आणि आयडॉसने बाजारात आणली. लाराचं पात्र टोबी गार्ड यांनी रचलं होतं.

या गेमचं सगळं जग सारख्या आकाराच्या चौकोनी ठोकळ्यांवर उभं होतं. लाराची प्रत्येक उडी ठरलेल्या मापाची. लांब उडी मारायची तर कड्याच्या टोकापर्यंत चालत जायचं, एक उडी मागे घ्यायची, मग पळत येऊन झेप घ्यायची आणि समोरची कड पकडण्यासाठी वेगळं बटण दाबून ठेवायचं. बटण सुटलं की लारा खाली.

नवख्याला हे फार जाचक वाटायचं. डावं-उजवं दाबलं की लारा त्या दिशेला जात नसे, जागच्या जागी वळत असे. रणगाडा वळतो तशी. या पद्धतीला 'टँक कंट्रोल' असंच नाव आहे. पण हात बसला की गंमत कळायची. कड्यावर उभं राहून समोरचं अंतर डोळ्यांनी मोजायचं, "दोन ठोकळे, म्हणजे जमेल" असा हिशोब करायचा आणि मग उडी मारायची. चुकलात तर चूक तुमची, जमलं तर श्रेयही तुमचं.

शत्रू मोजके आणि पहिल्या भागात तर बहुतेक प्राणीच: लांडगे, अस्वलं, वटवाघळं आणि एक अजस्र डायनासोर. बराच वेळ लारा एकटीच, आणि भोवती शांतता. १९९८ च्या तिसऱ्या भागाची सुरुवात तर भारतातल्या जंगलात होते. तिथे वाघ आहेत, माकडं आहेत आणि पुढच्या एका टप्प्याला गंगेचं नाव आहे.

मग बदल करायची गरज का पडली?

कारण गाडी रुळावरून घसरली होती. २००३ चा 'एंजल ऑफ डार्कनेस' हा भाग घाईत आणि तांत्रिक दोषांसह बाजारात आला. टीका इतकी झाली की मालिका कोअर डिझाइनच्या हातातून काढून अमेरिकेतल्या क्रिस्टल डायनॅमिक्सकडे देण्यात आली. त्यांनी २००६ साली 'लेजंड' आणला. हा पहिला रिबूट. त्यात ठोकळ्यांची मापं गेली आणि हालचाल सैल, प्रवाही झाली. 'फार सोपं केलं' ही तक्रार तेव्हापासूनची आहे.

दरम्यान जगही बदललं होतं. २००७ साली 'अनचार्टेड' नावाची मालिका सुरू झाली. खजिन्याचा शोध, चढाई, गोळीबार, सगळं सिनेमासारखं. लारानेच रुळवलेल्या वाटेवरून दुसरा कुणी पुढे निघून गेला होता. २००९ साली आयडॉस जपानच्या स्क्वेअर एनिक्सने विकत घेतली आणि २०१३ च्या मार्चमध्ये दुसरा रिबूट आला. त्याचं नाव नुसतंच 'टूम रेडर'.

२०१३ मध्ये नेमकं काय बदललं?

गोष्ट अशी: एकवीस वर्षांची, अनुभव नसलेली लारा जहाज फुटल्याने यामाताई नावाच्या बेटावर अडकते. प्रमुख लेखिका होत्या रिआना प्रॅचेट. पण खरा बदल खेळण्यात होता.

- चढाई: कड पकडायला वेगळं बटण लागत नाही, लारा आपोआप पकडते. चढता येण्यासारख्या बऱ्याच कडांवर पांढरे पट्टे दिसतात.
- वाट शोधणं: एक बटण दाबलं की महत्त्वाच्या वस्तू चमकू लागतात.
- लढाई: दोन पिस्तुलांऐवजी धनुष्यबाण, रायफल, शॉटगन. शत्रू मुख्यतः माणसं, तीही टोळ्यांनी.
- प्रकृती: औषधाच्या पेट्या गेल्या. आडोशाला थांबलं की लारा आपोआप बरी होते.
- कौशल्यं: गुण साठवायचे आणि शेकोटीपाशी बसून नवी कौशल्यं घ्यायची, हत्यारं सुधारायची.
- ठरावीक क्षणी बटण दाबणं: पडद्यावर खूण आली की चटकन बटण दाबायचं, नाहीतर लाराचा भयानक मृत्यू बघायचा.
- थडगी: मालिकेच्या नावातच असलेली थडगी मुख्य वाटेवरून बाजूला गेली. मूळ गेममध्ये ऐच्छिक थडगी सात, आणि बहुतेकांत एकेका दालनाएवढंच कोडं.

चाहते काय म्हणाले?

पहिली आणि सर्वात मोठी तक्रार थडग्यांची. "थडगी शोधणाऱ्या मुलीच्या गेममध्ये थडगी ऐच्छिक कशी?" हा प्रश्न विनोदासारखा वाटतो, पण मुद्दा नेमका आहे. जुन्या गेममध्ये सगळी इमारत हेच एक मोठं कोडं असायचं. एका दालनातली कळ फिरवली की तीन दालनं पलीकडचं दार उघडायचं. नव्या गेममध्ये कोडं ही वाटेतली एक विश्रांती झाली.

दुसरी तक्रार हिंसेची. गोष्टीत लारा पहिल्यांदा माणसाला मारते तेव्हा ती हादरते, रडते. खेळणाराही अस्वस्थ होतो. पण थोड्याच वेळात तीच लारा टोळ्याच्या टोळ्या आडव्या करते, आणि नेम डोक्याला लागला तर वर जादा गुण मिळतात. गोष्ट एक सांगते आणि खेळ दुसरंच करायला लावतो. ही तक्रार जुन्या चाहत्यांपुरती नव्हती, समीक्षकांनीही ती केली. अर्थात जुनी मालिका याबाबतीत अगदी सोवळी होती असं नाही. १९९७ च्या दुसऱ्या भागात माणसं मारावी लागतात म्हणून तेव्हाही लोक कुरकुरले होते.

तिसरा वाद गेम येण्याआधीच पेटला. २०१२ च्या ट्रेलरमध्ये लारा सतत मार खाताना, कण्हताना दिसली. "खेळणाऱ्याला तिचं रक्षण करावंसं वाटेल" अशा अर्थाचं बोलणं गेमच्या कार्यकारी निर्मात्याने एका मुलाखतीत केलं आणि टीकेची झोड उठली. ज्या पात्राच्या जागी उभं राहून खेळायचं, त्याचीच कीव करायची का, असा सवाल होता.

आता दुसरी बाजू. अनेकांना हीच लारा पहिल्यांदा माणूस वाटली. दमणारी, घाबरणारी, तरी उठून उभी राहणारी. जुनी लारा बऱ्याच जाहिरातींमध्ये शोभेची बाहुली होऊन बसली होती, तिथून तिची सुटका झाली हेही अनेकांनी मोकळेपणाने मान्य केलं. आणि ज्यांना टँक कंट्रोल कधीच जमले नव्हते, त्यांच्यासाठी या मालिकेचं दार पहिल्यांदा उघडलं. "सोपं केलं" आणि "माझ्यासाठी खुलं केलं" ही एकाच बदलाची दोन नावं असू शकतात.

विक्रीने काय सांगितलं?

मार्च २०१३ अखेर सुमारे ३४ लाख प्रती खपल्याचं स्क्वेअर एनिक्सने सांगितलं आणि वर हा आकडा अपेक्षेपेक्षा कमी असल्याचंही सांगितलं. पुढच्या काही वर्षांत मात्र या गेमने एक कोटीचा टप्पा ओलांडला आणि ती मालिकेतली सर्वाधिक खपाची गेम ठरली. २०१८ चा अलिशिया विकँडरचा सिनेमाही याच लारावर बेतला.

म्हणजे जुने चाहते चूक होते का? नाही. लोकांनी गेम घेतली, यावरून त्यांना त्यातली प्रत्येक गोष्ट आवडली असं सिद्ध होत नाही. बनवणाऱ्यांनाही हे कळलं होतं, ते पुढच्या भागांत दिसतं.

तक्रारींचा उपयोग झाला का?

झाला, आणि तो तपासून बघता येतो. २०१५ च्या 'राइज ऑफ द टूम रेडर'मध्ये थडगी वाढली, मोठी झाली. २०१३ मध्ये गायब झालेलं पाण्याखालचं पोहणं परतलं. कुणी फारसं न मागितलेला, एकमेकांविरुद्ध ऑनलाइन खेळण्याचा प्रकार काढून टाकला. २०१८ च्या 'शॅडो ऑफ द टूम रेडर'ने तर लढाई, शोध आणि कोडी या तिन्हींची काठिण्यपातळी वेगवेगळी निवडायची सोय दिली. लढाई सोपी आणि वाट शोधणं अवघड, असंही ठेवता येतं. ज्याला वाटेवरच्या खुणा नकोत, त्याने त्या नाकाराव्यात. ज्याला हव्यात, त्याने ठेवाव्यात.

असाच किस्सा 'डेव्हिल मे क्राय'चाही. २०१३ च्या जानेवारीत आलेल्या त्याच्या रिबूटवर नायकाच्या बदललेल्या केसांवरून गदारोळ झाला. पण त्या गोंगाटात एक नेमकी तक्रारही होती: एका शत्रूवर लक्ष खिळवून ठेवायची सोय काढून टाकली होती. २०१५ च्या सुधारित आवृत्तीत ती सोय परत आली. २०१९ च्या पाचव्या भागात कंपनी थेट जुन्याच गोष्टीकडे वळली.

कमेंटमधला राग कसा ओळखायचा?

पुढच्या वेळी असा वाद दिसला की तीन प्रश्न विचारा.

१. तक्रार कशाबद्दल आहे? "कड आपोआप पकडली जाते, त्यामुळे उडीत धोका उरला नाही" ही तक्रार आहे. "सगळं बिघडवलं" हा नुसता त्रागा आहे.

२. बदलाने कुणाचं काय गेलं आणि कुणाला काय मिळालं? दोन्ही बाजू सांगणारा माणूस बहुधा गेम खेळलेला असतो.

३. राग गेमवर आहे की माणसांवर? बनवणाऱ्या कलाकारांना शिवीगाळ सुरू झाली की तिथे खेळाविषयी काही उरलेलं नसतं.

शेवटी जिंकलं कोण?

१४ फेब्रुवारी २०२४ रोजी पहिल्या तीन जुन्या भागांची नवी आवृत्ती एकत्र आली. तिच्यात एक बटण दाबलं की १९९०च्या दशकातलं चित्रण दिसतं, पुन्हा दाबलं की आजचं. कंट्रोलही दोन्ही दिले आहेत, टँक आणि आधुनिक.

गंमत म्हणजे आधुनिक कंट्रोल निवडलेल्या अनेकांनी तक्रार केली की उड्या नीट बसत नाहीत. बसणार कशा? ती दालनं, त्या दऱ्या, ते कडे जुन्या मापाच्या उडीसाठीच बांधलेले होते. जुने चाहते इतकी वर्षं हेच सांगत होते: नियंत्रण म्हणजे वरून चढवलेला रंग नव्हे, सगळं घर त्याच्या मापाने बांधलेलं असतं. आणि २०१३ च्या बेटावर टँक कंट्रोल आणले असते, तर तेही असेच अडखळले असते.