उज्जैनच्या पागा ते महालक्ष्मीची शर्यत : माळव्यात थरोब्रेड का रुजला नाही?

कार्तिक महिन्यात उज्जैनला क्षिप्रेच्या काठी मोठी जत्रा भरते. तिचाच एक भाग असलेला जनावरांचा बाजार देशभर प्रसिद्ध आहे तो मुख्यतः गाढवांसाठी. विक्रेते आपल्या गाढवांना नटनट्यांची आणि पुढाऱ्यांची नावे देतात आणि त्याच्या बातम्या दरवर्षी छापून येतात. याच बाजारात खेचरे आणि घोडेही विकले जातात. घोड्याची पारख दात पाहून, उंची मोजून आणि अंगावरचे भोवरे तपासून होते. कागदपत्रांचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. घेणारे बहुतेक टांगेवाले, वरातीसाठी घोडी ठेवणारे किंवा वीटभट्टीवाले असतात.

याच शहरातून अठराव्या शतकात हिंदुस्थानातील एका प्रबळ घोडदळाचा कारभार चालत असे, हे आज सहज ध्यानात येत नाही. उज्जैनमध्ये आज शर्यतीचे मैदान नाही आणि शर्यतीच्या घोड्यांची पैदास करणारे नामांकित स्टड फार्मही नाही. शर्यती आणि पैदास हे दोन्ही उद्योग मराठी मुलखात फुलले ते मुंबई आणि पुण्यात. सध्या ते तेथेही अडचणीत आहेत.

राणोजी शिंदे यांनी १७३० च्या दशकात उज्जैनला आपले ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर हे सारस्वत. महाकालाच्या मंदिराची पुनर्बांधणी त्यांच्या पुढाकाराने झाली. पुढे महादजी शिंद्यांच्या फौजेचे बक्षी झालेले जिवबादादा केरकर हे पेडणे तालुक्यातील केरी गावचे. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. बक्षी म्हणजे फौजेचा खर्च, हजेरी आणि पगार पाहणारा अधिकारी. घोड्यांची मोजदाद आणि दाग तपासणे हे त्याच्या खात्याचे रोजचे काम. गोमंतकातील वाचकांना शिंदेशाहीचा इतिहास परका वाटू नये, याला एवढे कारण पुरेसे आहे.

मराठा घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला सरकारी पागेतून घोडा मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची उपजीविकाच बुडे. म्हणून तो घोड्याला जपे, त्याच्या आईबापांची माहिती ठेवी आणि चांगली घोडी सहसा विकत नसे. भीमा, नीरा आणि माण या नद्यांच्या खोऱ्यांत घरोघरी होणाऱ्या पैदाशीचा आधार ही शिलेदारी होती. त्या खोऱ्यांतला भीमथडी घोडा ठेंगणा, काटक, थोड्या चाऱ्यावर लांबची मजल मारणारा. माळव्यात उतरलेल्या मराठा फौजांचा मोठा भार याच घोड्यांनी वाहिला.

या घोड्याचे गुण आणि मर्यादा एकाच प्रसंगात दिसतात. पानिपतच्या पराभवानंतर महादजी एका उत्तम दख्खनी घोडीवर स्वार होऊन दक्षिणेकडे निघाले. एक अफगाण स्वार आपल्या जड, बेढब घोड्यावरून त्यांच्या मागे लागला. घोडी वेगाने पुढे जाई, महादजी तिला विसावा देण्यासाठी थांबत, तोच तो अफगाण पुन्हा दिसू लागे. अखेर घोडी एका खंदकात पडली आणि अफगाणाच्या वाराने महादजी एका पायाने कायमचे अधू झाले. राणे खान नावाच्या भिस्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून वाचवले. तो घोडा आपल्या घोडीमागे रखडत येताना स्वप्नात दिसतो, असे महादजी पुढे सांगत, अशी नोंद माळव्याचा इतिहास लिहिणाऱ्या माल्कम याने केली आहे. चपळपणात दख्खनी घोडी सरस होती. अंगाने भरलेला, ओझे वाहणारा घोडा मात्र बाहेरूनच आणावा लागे.

तो बाहेरचा घोडा शतकानुशतके समुद्रमार्गे येत असे आणि या व्यापाराचे सोळाव्या शतकातील सर्वांत मोठे नाके गोवा हे होते. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर अल्बुकर्कने होर्मुझ आणि अरबस्तानातून येणारे घोडे गोव्यातच उतरावेत, असा बंदोबस्त केला. विजयनगर आणि विजापूर हे दोघेही गिऱ्हाईक. त्यामुळे पोर्तुगीजांना जकातीबरोबर राजकारणातले वजनही मिळाले. १५४७ मध्ये विजयनगरशी झालेल्या तहात गोव्यात उतरणारे घोडे केवळ त्या राज्याला विकण्याचे ठरले. १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगर कोसळले आणि हा व्यापार ओसरू लागला. घोडा बाहेरून येतच राहिला तर घरची पैदास सुधारण्याची निकड वाटत नाही. दख्खनच्या सत्तांना ही सवय पुढेही सुटली नाही.

घोडदळाला उतरती कळा लागली ती इंग्रज येण्याआधीच, आणि शिंद्यांच्याच छावणीत. १७८४ नंतर महादजींनी द बॉइन्य या सरदाराकडून कवायती पलटणी उभ्या केल्या. लढाईचा निकाल आता तोफा आणि पायदळाचे कंपू लावू लागले. १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, त्यानंतर दोन वर्षांनी असईची लढाई झाली आणि १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरजवळच्या लष्करला हलवली. १८१८ नंतर शिलेदारीला गिऱ्हाईकच उरले नाही. इंग्रजी रिसाल्यांना उंच घोडे हवे होते. ते पुढे ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समधून जहाजांनी येऊ लागले आणि त्यांना ‘वेलर’ हे नावच पडले. माळव्यात पागा उरल्या त्या नावापुरत्या. इंदूरमधील पागनीसपागा ही वस्ती त्यांपैकीच एक.

थरोब्रेड म्हणजे केवळ ‘अस्सल रक्ताचा घोडा’ असा समज मराठीत रूढ आहे. तो अपुरा आहे. थरोब्रेड ही सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमध्ये घडवलेली एक विशिष्ट जात आहे. तिची नरवंशावळ बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या आयात केलेल्या तीन घोड्यांपर्यंत पोहोचते. १७९१ मध्ये जनरल स्टड बुक ही वंशनोंदवही सुरू झाली आणि त्यानंतर नोंदवहीबाहेरच्या घोड्याला या जातीत जवळपास प्रवेश उरला नाही. कृत्रिम रेतनाला आजही मनाई आहे. घोडा आणि घोडी यांचा प्रत्यक्ष संयोग व्हावा लागतो. भारतात ही नोंदवही पुण्यातून ठेवली जाते. शिंगराच्या आईबापांची खातरजमा डीएनए तपासणीने होते, तेव्हाच ते शर्यतीला पात्र ठरते. क्षिप्रेकाठच्या बाजारातला घोडा कितीही वेगवान असला तरी महालक्ष्मीच्या मैदानात उतरू शकत नाही.

मुंबईत भायखळ्याला शर्यती भरू लागल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. तेव्हाचे बहुतेक घोडे अरबी. १८८३ मध्ये महालक्ष्मीचे मैदान सुरू झाले, हळूहळू अरबी घोडा मागे पडला आणि थरोब्रेडची चलती झाली. १९३५ मध्ये क्लबच्या नावाला ‘रॉयल’ ही पदवी लागली आणि तो रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब झाला. पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबई, हे त्याचे वेळापत्रक.

मराठी संस्थानिकांनी या खेळात पाण्यासारखा पैसा ओतला. बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ मध्ये एक वर्षाचे शिंगरू तब्बल २८ हजार गिनींना घेतले आणि त्याला आपल्या आजोबांचे, सयाजीरावांचे, नाव दिले. ‘सयाजीराव’ १९४७ मध्ये इंग्लंडची सेंट लेजर जिंकला. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, त्यांच्याच ‘माय बाबू’ने टू थाउजंड गिनीज जिंकली. १९४३ च्या पहिल्या इंडियन डर्बीतील विजेती ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ ही घोडीही बडोद्याचीच. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे यांचे घोडेही मुंबई-पुण्यात धावत. परंतु हा पैसा संस्थानाबाहेर खर्च झाला. घोडे न्यूमार्केटला शिकले, महालक्ष्मीला धावले. उज्जैन-ग्वाल्हेरच्या कुरणांवर टिकाऊ पैदास उभी राहिली नाही. संस्थाने गेली तेव्हा मागे चषक आणि छायाचित्रे उरली.

पैदास टिकली ती व्यापाऱ्यांच्या हाती. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाने १९४६ मध्ये स्टड फार्म सुरू केले. त्यांचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला रक्तद्रव्यासाठी दिले जात. घोड्याच्या शरीरात विषाची अल्प मात्रा टोचली की प्रतिपिंडे तयार होतात आणि त्याच्या रक्तातून धनुर्वात किंवा सर्पदंशावरची लस मिळते. हेच काम स्वतः का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. देशात आरोग्य केंद्रांतून दिली जाणारी सर्पदंशावरची लस आजही घोड्याच्या रक्तापासूनच बनते. शर्यतीच्या घोड्याचा समाजाला काय उपयोग, असे विचारणाऱ्यांना हे उदाहरण सहसा ठाऊक नसते.

या उद्योगाचा सारा डोलारा पैजेवर उभा आहे, ही त्याची ताकद आणि तीच दुखरी नस. पैजेतून क्लबला कमिशन मिळते, त्यातून बक्षिसे, बक्षिसांच्या आशेने मालक घोडा विकत घेतो आणि त्या किमतीवर पैदासकार जगतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असा निर्वाळा दिला. करखात्याने मात्र तिला जुगाराच्याच पंक्तीत बसवले. ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन गेमिंग, कॅसिनो आणि शर्यती या तिन्हींवर पूर्ण दर्शनी मूल्याच्या आधारे २८ टक्के जीएसटी लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्क्यांवर गेला. गोव्यात या दराची चर्चा झाली ती कॅसिनोंच्या अनुषंगाने. पण शर्यतींची स्थिती अधिक बिकट आहे. कॅसिनोत चिप्स विकत घेताना एकदा कर पडतो, जिंकलेल्या पैशातून पुन्हा खेळल्यास पुन्हा पडत नाही. शर्यतीत तो प्रत्येक पैजेच्या पूर्ण रकमेवर आहे. साहजिकच खेळणारा बेकायदा बुकीकडे वळतो. तेथे ना कर, ना पावती. आणि त्या पैशातला एक रुपयाही मैदानाकडे किंवा तबेल्याकडे येत नाही.

कॅसिनो कर वाढल्यावर टेबले कमी करू शकतो. घोडीचे तसे नाही. २०२६ च्या उन्हाळ्यात घोडी फळवली तर अकरा महिन्यांनी, २०२७ मध्ये, शिंगरू जन्मते. २०२९ मध्ये ते दोन वर्षांचे होऊन धावू लागते आणि इंडियन डर्बी ही चार वर्षांच्या घोड्यांची शर्यत असल्याने त्याची खरी कसोटी लागते २०३१ च्या फेब्रुवारीत. दोन वर्षांच्या आत दोनदा बदललेल्या करधोरणात पाच वर्षांचा हा हिशेब मांडायचा कसा, हा पैदासकारांपुढचा प्रश्न आहे. त्यांनी घोड्या कमी केल्या तर परिणाम दिसायला तीन-चार वर्षे लागतील. तबेल्यातला मोतद्दार, नालबंद, सरावाला घोडा फिरवणारा पोरगा आणि कुरण राखणारा शेतमजूर यांना मात्र तो आधी जाणवेल. या कामांत पिढ्यान्‌पिढ्या गेलेल्यांना दुसरा धंदा सहज सापडत नाही.

जागेचा प्रश्न वेगळा. महालक्ष्मीच्या जागेचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला होता. दीर्घ वादानंतर २०२४ मध्ये सुमारे १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी मुंबई महापालिकेकडे जाण्याचे आणि उरलेली सुमारे ९१ एकर क्लबकडे राहण्याचे ठरले. चेन्नईत त्याच वर्षी सरकारने गिंडीच्या मैदानाचा भाडेपट्टा रद्द करून जागा ताब्यात घेण्याची कारवाई केली. त्या मानाने मुंबईचा खेळ थोडक्यात वाचला, असेच म्हणावे लागेल.

शर्यतींचे चित्र असे असताना माळव्यात घोडा परतला आहे तो दुसऱ्याच वाटेने. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसाज या अश्वारोहण प्रकारात सुवर्णपदक जिंकले. अश्वारोहणातील हे सुवर्ण ४१ वर्षांनी आले. चौघांच्या त्या संघात उज्जैनपासून तासाभराच्या अंतरावरील इंदूरची सुदीप्ती हजेला होती आणि मुंबईचा हृदय छेडा. मात्र हे स्वार सराव करत होते युरोपात आणि त्यांचे घोडेही तेथलेच. भारतातून घोडा परदेशी स्पर्धेला नेणे रोगनियंत्रणाच्या नियमांमुळे जवळपास अशक्य होते. जुलै २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी अश्वकेंद्रातील रोगमुक्त कक्षाला जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, तेव्हा ही कोंडी फुटण्याची पहिली संधी निर्माण झाली. तिचा लाभ स्पर्धेच्या घोड्यांना आधी होईल. पैदासकारांना परदेशी बाजार मिळण्यासाठी अशी अनेक केंद्रे लागतील.

आणि भीमथडी? थरोब्रेडची वंशावळ दोनशेहून अधिक वर्षे लिहिली जात असताना, माळवा जिंकणाऱ्या या घोड्याची नोंद ठेवणारे कोणी नव्हते. तो धनगर आणि भटक्या मेंढपाळांच्या तांड्यांबरोबर, पाठीवर संसार वाहत, दुष्काळी तालुक्यांतून फिरत राहिला. अलीकडेच कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. घोड्यांच्या नोंदणीकृत भारतीय जातींत तो आठवा. त्याचे निकष आता कागदावर आहेत. पुढचे काम चांगल्या घोड्या निवडून त्यांची पैदास करण्याचे आहे, आणि त्या घोड्या आजही बहुतांश मेंढपाळांकडेच आहेत.